फुफ्फुसातला साबण आणि ओझोनची कात्री

प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे काळी पडलेली फुफ्फुसं येतात, भिंतीवर काजळी धरावी तशी. पण काजळी धरायच्या कितीतरी आधी पहिली झटापट होते ती फुफ्फुसाच्या आत पसरलेल्या एका पातळ थरावर, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून हे लिहितोय.

आपल्या फुफ्फुसात साधारण ४८ कोटी वायुकोश असतात, एकेकाचा व्यास जेमतेम ०.२ मिमी, आणि ते आतून ओले असतात. ओली प्लास्टिकची पिशवी उघडायला गेलं की कशी चिकटून बसते, तसंच इथे. आत नुसतं पाणी असतं तर पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आकसू बघतो त्या ओढीमुळे, एवढा छोटा बुडबुडा उघडा ठेवायलाच पाण्याच्या १४ सेंमी उंचीएवढा दाब लागला असता, शांत श्वासाला पुरतो त्याच्या दुपटीहून जास्त! हा ताण मोडतो तो सरफॅक्टंट, म्हणजे फुफ्फुसाचा स्वतःचा साबणच. १९५९ मध्ये एव्हरी आणि मीड या संशोधकांनी दाखवलं की दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं श्वासासाठी धडपडतात ती याच्याच कमतरतेमुळे.

या सरफॅक्टंटमध्ये साधारण ९०% लिपिड, म्हणजे चरबीच्या जातीचे रेणू, बाकी प्रथिनं. मुख्य लिपिडाचं नाव डीपीपीसी, त्याच्या दोन्ही शेपट्या, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या, सरळ, एकही दुहेरी बंध (दोन कार्बनांमधली दुहेरी जोड, जिथे शेपटी वाकते) नाही, त्यामुळे श्वास सोडताना हे रेणू एकमेकांना खेटून उभे राहतात आणि पृष्ठताण जवळपास शून्यावर येतो. पण नुसतं डीपीपीसी ४१ अंशांच्या खाली घट्ट असतं, म्हणजे अंगाच्या ३७ अंशांना ते भराभर पसरणार नाही. म्हणून सोबतीला वाकड्या शेपटीची लिपिडं लागतात, त्यांच्यामुळे थर पसरता राहतो.

आता ओझोन, प्रदूषित हवेतला एक वायू. त्याला हवा असतो दुहेरी बंध! डीपीपीसीला तो हात लावत नाही, वाकड्या शेपट्या मात्र बरोबर हेरतो. अशीच एक वाकडी शेपटी ओलेइक आम्लाची, तिच्यात १८ कार्बन आणि दुहेरी बंध ९व्या नि १०व्याच्या मधे, ओझोन तिथेच कापतो, ९ कार्बनांचा नोनॅनल नावाचा तुकडा सुटून जातो आणि उरलेल्या ९ कार्बनांच्या बुटक्या शेपटीच्या टोकाला अल्डिहाइड, म्हणजे ऑक्सिजन असलेला एक गट. हे टोक पाण्याच्या ओढीचं, त्यामुळे हवेकडे तोंड करून उभी असलेली शेपटी उलटी वळून पाण्यात शिरायला बघते आणि थराची घडी विस्कटते. ओझोन स्वतः या ओल्या थरातच संपतो, पण हे तुकडे आणि सोबत तयार झालेलं हायड्रोजन पेरॉक्साइड खालच्या पेशींपर्यंत पोचतं आणि दाह सुरू होतो.

पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, वेगळंच करतात, ते सरफॅक्टंटमधली लिपिडं आणि प्रथिनं स्वतःभोवती गुंडाळून घेतात. म्हणजे थरातला माल कमी होतो, आणि हा कोट चढलेला कण गिळायचं काम मग मॅक्रोफेज, म्हणजे सफाई करणाऱ्या पेशींकडे.

एक सांगायलाच हवं, "फुफ्फुसं डिटॉक्स" करणारी जी पेयं विकतात ना, ती पोटात जातात हो, वायुकोशात नाही! सरफॅक्टंट बनवणाऱ्या टाइप २ पेशी जुनी लिपिडं परत आत घेऊन नवा माल रोज बनवतच असतात, त्यांना यातलं काही लागत नाही.

आणि एन९५ मास्क कण अडवतो, ओझोन नाही, तो वायू आहे. ओझोन बनतो उन्हात, दुपारी जास्त, त्यामुळे प्रदूषण असेल तेव्हा धावायला जायचं तर भर दुपार टाळा.