वादविवाद व वक्तृत्व संघांचा स्पर्धा-हंगाम (अमेरिकी माध्यमिक शाळा)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माध्यमिक शाळांचे वादविवाद व वक्तृत्व संघ साधारणतः सप्टेंबरपासून जूनपर्यंत ज्या स्पर्धांत भाग घेतात, त्यांच्या वार्षिक चक्राला हंगाम म्हणतात. तेथील शाळांत ‘स्पीच अँड डिबेट’ किंवा ‘फोरेन्सिक्स’ या नावाने चालणारा हा उपक्रम स्नेहसंमेलनातील एखाद्या दिवसाच्या स्पर्धेसारखा नसून, खेळांच्या संघांप्रमाणे त्याला स्वतंत्र प्रशिक्षक, नियमित सराव आणि शनिवार-रविवारचे सामने असतात. त्याची प्रमुख राष्ट्रीय संघटना ब्रूनो जेकब यांनी 1925 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील रिपन येथे ‘नॅशनल फोरेन्सिक लीग’ या नावाने स्थापन केली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1931 मध्ये झाली, आणि 2014 पासून ती ‘नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन’ या नावाने ओळखली जाते.

हंगामाची घडण ठरावाच्या, म्हणजे ज्या विधानावर वाद होतो त्याच्या, मुदतीवर अवलंबून असते. पॉलिसी डिबेट (धोरणविषयक वादविवाद) या सर्वांत जुन्या प्रकारात दोन-दोन विद्यार्थ्यांचे संघ असतात आणि संपूर्ण देशात वर्षभर एकच ठराव चालतो. 2024-25 मध्ये तो बौद्धिक संपदा हक्कांच्या संरक्षणाविषयी होता, तर 2025-26 मध्ये आर्क्टिक प्रदेशाचे अन्वेषण आणि विकास यांविषयी. ठराव आदल्या हिवाळ्यातच जाहीर होत असल्याने अनेक विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत विद्यापीठांनी भरवलेल्या निवासी शिबिरांत जाऊन त्यावरील पुरावे गोळा करतात. अवतरण आणि त्याचा स्रोत असलेल्या अशा प्रत्येक उताऱ्याला ‘कार्ड’ म्हणतात. पूर्वी या कागदांनी भरलेले प्लास्टिकचे मोठे डबे संघ गावोगाव वाहून नेत. आता ते काम लॅपटॉपवर होते. 1980 च्या सुमारास रूढ झालेल्या लिंकन-डग्लस प्रकारात एकास एक असा सामना होतो, त्यात मूल्यविषयक युक्तिवादाला प्राधान्य असते आणि ठराव दर दोन महिन्यांनी बदलतो.

विषय इतका काळ सोबत राहत असल्यामुळे ऑक्टोबरमधील आणि फेब्रुवारीतील वादात मोठा फरक पडतो. आरंभी संघ ढोबळ मुद्दे मांडतात. प्रत्येक स्पर्धेत नवे प्रतिवाद ऐकून ते आपली मांडणी दुरुस्त करतात, आणि हिवाळ्यापर्यंत सोळा-सतरा वर्षांची मुले पेटंट कायद्यातील किंवा सागरी सीमांच्या प्रश्नातील बारकाव्यांवर उलटतपासणी करू लागतात. या उपक्रमाचे खरे शैक्षणिक मोल या टप्प्याटप्प्याच्या दुरुस्तीत आहे, चषकांत नव्हे. त्याला आणखी एका नियमाची जोड आहे: पॉलिसी आणि लिंकन-डग्लस या प्रकारांतील प्राथमिक फेऱ्यांत संघाला ठरावाची अनुकूल आणि प्रतिकूल बाजू आलटून पालटून मांडावी लागते. महाराष्ट्रातील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत बहुधा एक वक्ता अनुकूल आणि दुसरा प्रतिकूल बाजूने बोलतो. अमेरिकेतील या प्रकारांत मात्र सकाळी ज्या मुद्द्याचा पुरस्कार केला, त्याच मुद्द्याचे दुपारी खंडन करण्याची वेळ त्याच विद्यार्थ्यावर येते. वैयक्तिक मताला वाव मिळत नाही, असा आक्षेप या नियमावर जुना आहे. परंतु विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद स्वतः रचल्याशिवाय ती बाजू नीट समजत नाही, हे त्याचे समर्थन अधिक पटणारे आहे.

पॉलिसीच्या एका सामन्यात आठ मिनिटांची चार मुख्य भाषणे, तीन मिनिटांच्या चार उलटतपासण्या आणि पाच मिनिटांची चार खंडनभाषणे होतात. परीक्षक सर्व मुद्दे स्तंभांत टिपत जातात. ज्या मुद्द्याला उत्तर दिले गेले नाही, तो बहुधा मान्य झाल्याचे धरले जाते. त्यामुळे जास्तीत जास्त मुद्दे मांडण्यासाठी मिनिटाला 300 हून अधिक शब्द उच्चारण्याची प्रथा पडली आणि सामान्य श्रोत्याला हा प्रकार दुर्बोध झाला. जाणकार नसलेल्या नागरिकालाही निकाल देता यावा, या हेतूने 2002 मध्ये पब्लिक फोरम हा प्रकार सुरू करण्यात आला. त्यात बाजू आणि बोलण्याचा क्रम नाणेफेकीने ठरतो. काँग्रेशनल डिबेटमध्ये विद्यार्थी लोकप्रतिनिधींच्या भूमिकेतून विधेयकांवर तीन-तीन मिनिटे बोलतात.

वक्तृत्व विभागात स्वतः लिहून पाठ केलेले दहा मिनिटांचे भाषण, तसेच नाट्यमय, विनोदी आणि द्विपात्री सादरीकरणे येतात. त्यांतील सर्वांत कसोटीचा प्रकार ‘एक्स्टेम्प’ होय: चालू घडामोडींवरील तीन प्रश्नांपैकी एक निवडायचा, तीस मिनिटांत तयारी करायची आणि सात मिनिटे बोलायचे.

हंगामाचा बहुतांश भाग शनिवारच्या स्थानिक स्पर्धांचा असतो. यजमान शाळेच्या वर्गखोल्यांत सकाळपासून फेऱ्या होतात. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर समान विजय मिळवलेले संघ समोरासमोर येतात आणि मोठ्या स्पर्धांत पुढे बाद फेऱ्या रंगतात. प्रत्येक शाळेला आपल्या स्पर्धकांच्या प्रमाणात परीक्षक आणावे लागतात, आणि ही जबाबदारी अनेकदा पालक उचलतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील आईवडिलांचा या उपक्रमाशी पहिला परिचयही पुष्कळदा असाच, हाती गुणपत्रिका घेऊन होतो. राष्ट्रीय संघटना सदस्य विद्यार्थ्याला वादविवादातील विजयासाठी सहा आणि पराभवासाठी तीन गुण देते, म्हणजे हरणाऱ्याच्या श्रमाचीही नोंद राहते.

याच्या वरच्या स्तरावर राष्ट्रीय ‘सर्किट’, म्हणजे देशभरातील मोठ्या स्पर्धांची मालिका, आहे. हार्वर्ड, एमरी, बर्कली अशा विद्यापीठांच्या आणि काही नामांकित शाळांच्या स्पर्धांत ठरावीक फेरीपर्यंत मजल मारणाऱ्यास ‘बिड’ मिळते. अशा दोन बिड मिळवणारा पॉलिसी संघ केंटकी विद्यापीठात 1972 पासून भरणाऱ्या ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’ला पात्र होतो. या मार्गावर विमानप्रवास, निवास आणि प्रशिक्षकांचे मानधन यांचा खर्च मोठा असल्याने सधन शाळांचे पारडे जड राहते, आणि ही या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर उणीव आहे. ती भरून काढण्यासाठी 1985 मध्ये अटलांटा येथे एमरी विद्यापीठाच्या पुढाकाराने शहरी सरकारी शाळांसाठी ‘अर्बन डिबेट लीग’ची चळवळ सुरू झाली आणि पुढे ती इतर महानगरांत पसरली.

राष्ट्रीय संघटनेच्या अंतिम स्पर्धेचा मार्ग वेगळा आहे: तेथे पात्रता जिल्हा स्पर्धांतून ठरते आणि अंतिम स्पर्धा जूनमध्ये होते. 2020 मध्ये महासाथीमुळे ही स्पर्धा प्रथमच संपूर्णतः ऑनलाइन घेण्यात आली. त्यानंतर प्रत्यक्ष स्पर्धा पूर्ववत झाल्या, तरी काही निमंत्रित स्पर्धा ऑनलाइनच भरत राहिल्या आणि प्रवास न परवडणाऱ्या लहान गावांतील संघांना दूरच्या प्रतिस्पर्ध्यांशी सामना करणे त्यामुळे शक्य झाले.