सार्वजनिक सभागृहाला कार्यवाह का मिळत नाही : पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावांतून सध्या एकच तक्रार ऐकू येते. वर्गणीतून उभ्या राहिलेल्या वाचनालय-सभागृहाच्या मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला कोरम होत नाही, अर्धा तास थांबून तहकूब सभा त्याच जागी पुन्हा भरते आणि कार्यवाहपदासाठी नाव सुचवा म्हटले की सगळे सतरंजीकडे बघू लागतात. शेवटी जुनीच कार्यकारिणी ‘सर्वानुमते’ पुढे चालू राहते. चहा घेताना निष्कर्षही ठरलेला असतो : नव्या पिढीला सार्वजनिक कामात रस नाही. हे काही पटत नाही. त्याच गावात रक्तदान शिबिरे होतात, पूर आला की पोरे रात्रभर पाण्यात असतात, गणपतीला वर्गणीपासून विसर्जनापर्यंत सगळे तीच करतात. त्यांना नकोसा वाटतो तो सभागृहाचा कारभार. तो असा का झाला, याची मुळे चाळीसेक वर्षांपूर्वीच्या एका निर्णयात आहेत : सभागृह लग्नांना भाड्याने देण्याच्या.

त्याआधीचे थोडक्यात. रत्नागिरीचे वाचनालय 1828 चे, नाशिकचे 1840 चे, सावंतवाडीचे 1852 चे. एकोणिसाव्या शतकात जिल्ह्याच्या आणि संस्थानांच्या गावी जे उभे राहिले, तेच पुढच्या पन्नास-साठ वर्षांत लहान गावांपर्यंत झिरपले. आधी वाचनालय, त्याला जोडून व्याख्यानांसाठी एक दालन, मागे आखाडा किंवा बॅडमिंटनचे मैदान. वकील, मास्तर, डॉक्टर आणि एखादा व्यापारी मिळून हे चालवत. खर्च म्हणजे वर्तमानपत्रांचे बिल, कंदिलाचे तेल आणि शिपायाचा पगार. 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकास योजना सुरू झाल्यावर खेड्यांतून समाजमंदिरे आली, पण ती ग्रामपंचायतीची. आमदार-खासदार निधीतली सभागृहेही मालकीने सरकारीच. इथे प्रश्न आहे तो लोकांनी वर्गणी काढून बांधलेल्या आणि लोकांनीच बिनपगारी चालवलेल्या वास्तूंचा.

या मंडळांची नोंदणी दुहेरी असते. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था, आणि 1950 च्या महाराष्ट्र (पूर्वीच्या मुंबई) सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास. म्हणजे कार्यवाह एकाच वेळी किमान सात सभासदांच्या संस्थेचा पदाधिकारीही असतो आणि विश्वस्तही. दोन्ही टोप्या सारख्या दिसतात म्हणून फार काळ कुणी फरक केला नाही. फरक पहिल्यांदा जाणवतो तो निवडणूक झाल्यावर. नवी नावे कलम 22 प्रमाणे नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावी लागतात. एखाद्या नाराज सभासदाने आक्षेप घेतला की तो चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षे पडून राहतो, बँक सह्या बदलून देत नाही, आणि तोवर निवृत्त झालेला खजिनदारच चेकवर सही करत बसतो. 2017 च्या दुरुस्तीने तात्पुरती मान्यता देण्याची सोय केली. तोपर्यंत अनेक मंडळांत कागदावरची कार्यकारिणी आणि प्रत्यक्षातली कार्यकारिणी यांची ताटातूट झाली होती.

तरीही सत्तरच्या दशकापर्यंत माणसे मिळत होती, आणि त्याचे कारण त्यागभावनेपेक्षा साधे होते. दहा ते पाच नोकरी करणारा, गावातच राहणारा, हिशेबाची सवय असलेला वर्ग तयार झाला होता. 1969 च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या शाखा लहान गावांत आल्या. शाळामास्तर, पोस्टमास्तर, विमा कचेरीतला कारकून हे होतेच. संध्याकाळी सहा ते आठ वाचनालयात बसणे हा त्यांचा विरंगुळा होता. काम म्हणजे इतिवृत्त लिहिणे, वर्गणीच्या पावत्या फाडणे, व्याख्यानमालेचा वक्ता एस. टी. स्टँडवरून घेऊन येणे.

ऐंशीच्या दशकात हे बदलले. छप्पर गळत होते, वर्गणी दोन रुपयांवर अडली होती, अनुदान वाचनालयाला होते, सभागृहाला नव्हते. त्याच सुमारास लग्ने अंगणातून आणि देवळातून बाहेर पडत होती. गावात मंगल कार्यालय नाही आणि आपले सभागृह वर्षातले तीनशे दिवस रिकामे, हे गणित कुणाच्याही डोक्यात येणारच. जवळपास प्रत्येक मंडळात एक सभा अशी झाली की जिचे इतिवृत्त आजही वाचण्यासारखे आहे. एका बाजूला म्हणणे : व्याख्यानमाला ज्या व्यासपीठावर होते तिथे अक्षता पडणार का? दुसऱ्या बाजूला : कौले कोण बदलणार, तुम्ही? ठराव बहुधा सावध असे. लग्न आणि मुंज यांनाच, सभासदांच्या शिफारशीने, मंडळाचा कार्यक्रम नसलेल्या दिवशी. दोन वर्षांत ‘सभासदांच्या शिफारशीने’ गळाले. पाच वर्षांत व्याख्यानमालेच्या तारखा लग्नाच्या तिथी बघून ठरू लागल्या.

त्या काळचे साठा-रजिस्टर उघडले की मंडळाचे काय झाले ते सरळ दिसते. आधीच्या पानांवर खुर्च्या, बाके, एक पेट्रोमॅक्स, फळा, ध्वनिक्षेपक. मग एकदम स्टीलची ताटे तीनशे, वाट्या सहाशे, पातेली आकारमानाने, झारे, परात, पाण्याचे पिंप, पाट. समासात लाल शाईने ‘फुटतूट’. कार्य उरकले की खजिनदाराने वाट्या मोजायच्या, कमी भरल्या तर अनामत रकमेतून कापायच्या, आणि त्यावरून वधूपित्याशी वाद घालायचा. ज्याने आयुष्यभर शाळेत इंग्रजीचे व्याकरण शिकवले त्याने निवृत्तीनंतर रात्री अकरा वाजता आचाऱ्याला गॅसचा कॉक बंद करायला सांगायचा, हे काम त्याने अंगावर घेतले नव्हते. ते त्याच्यावर येऊन पडले.

कुणाला सभागृह द्यायचे आणि कुणाला नाही, हा दुसरा गुंता. तेराव्याच्या जेवणाला द्यायचे का, यावर काही गावांत दोन-दोन सभा झाल्या. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे, मग लग्नाला कोण घेईल. देणाऱ्यांचे म्हणणे, दु:खातल्या माणसाला दारातून परत पाठवणारी संस्था सार्वजनिक कशी. याहून अवघड नियम म्हणजे भाडेपत्रकाच्या तळाशी छापलेली ओळ : ‘मांसाहारास सक्त मनाई’. ती लिहिताना स्वयंपाकघराची स्वच्छता डोळ्यांपुढे होती, असे जुने लोक सांगतात. तिचा परिणाम मात्र असा झाला की गावातल्या निम्म्याअधिक समाजांच्या कार्याला हे सभागृह आपोआप बाद झाले. नावात सार्वजनिक, वर्गणीदारांत सगळे, आणि तारखा मोजक्या घरांच्या. पुढे त्या त्या समाजाने आपापले भवन बांधले. आज मंडळाच्या सभेला येणाऱ्यांची आडनावे पाहिली तर कार्यकर्त्यांच्या टंचाईचे एक उत्तर तिथेच सापडते. याची चर्चा होत नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे झाली. भाडे म्हटले की व्यवसाय दिसतो, म्हणून कुणीतरी युक्ती काढली : भाडे नाममात्र ठेवायचे आणि उरलेली रक्कम देणगी म्हणून घ्यायची. पावती पुस्तके दोन, एक भाड्याचे, एक देणगीचे. ही युक्ती इतकी पसरली की ती युक्ती आहे हेच लोक विसरले. देणगी म्हणजे मोबदल्याविना दिलेला पैसा, आणि ती दिल्याशिवाय तारीख मिळत नसेल तर ते भाडेच, हे तेव्हाही स्पष्ट होते. लेखापरीक्षक शेड्यूल आठ आणि नऊ, म्हणजे ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचे तक्ते, भरून सही करत. धर्मादाय निधीची दोन टक्के वर्गणी त्यावर भरली जाई. 2009 साली उच्च न्यायालयाने त्या वसुलीला मनाई केली, तेव्हा मंडळांना काही काळ बरे वाटले.

त्याआधीच दुसरा दरवाजा उघडला होता. 1 जुलै 1997 पासून मंडप आणि सभागृह भाड्याने देण्यावर सेवाकर लागला, तेव्हा पाच टक्के. लहान सेवादारांसाठी चार लाखांची सूट आली ती 2005 मध्ये. मधल्या आठ वर्षांत लहान गावांतल्या किती सभागृहांनी तो भरला हे विचारू नये. बऱ्याच जणांना तो लागतो हेच माहीत नव्हते. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला, सेवांसाठी वीस लाखांची मर्यादा आली, आणि लहान मंडळे त्याखाली राहिली. मर्यादा ओलांडली की अठरा टक्के. इथे एक तफावत आहे. नोंदणीकृत न्यासाच्या धर्मस्थळाच्या आवारातले सभागृह दिवसाला दहा हजारांच्या आत भाड्याने दिले तर करमाफी, वाचनालयाच्या सभागृहाला तशी वेगळी माफी नाही. देवस्थान आणि वाचनालय एकाच रस्त्यावर असतील तर लग्नघर कुठे जाईल हे सांगायला नको.

आयकराचा फास मात्र सर्वांत घट्ट. धर्मादाय हेतूच्या व्याख्येत ‘सार्वजनिक उपयोगाचे इतर कोणतेही काम’ हा शेवटचा डबा असतो, आणि सभागृहवाली बहुतेक मंडळे त्यातच बसतात. 2008 च्या वित्त कायद्याने सांगितले की असे काम करणारी संस्था व्यापारी स्वरूपाचा व्यवहार करत असेल तर तो हेतू धर्मादाय मानला जाणार नाही, म्हणजे करमाफी मिळणार नाही. मग मर्यादा आल्या. आधी दहा लाख, नंतर पंचवीस लाख, आणि 2016-17 या करनिर्धारण वर्षापासून एकूण जमेच्या वीस टक्के. ही शेवटची मर्यादा लहान मंडळांना मोठ्यांपेक्षा जास्त बोचली. पंचवीस लाखांपर्यंत कोण पोहोचत होते? पण सभागृहाचे उत्पन्न एकूण जमेच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवणे, हे कुठेच शक्य नव्हते. तेच तर मुख्य उत्पन्न. ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा काटेकोरपणे पाळायला हवी असा निकाल दिल्यावर सल्लागारांचे फोन सुरू झाले.

मधल्या वर्षांत देणगीची युक्तीही उघडी पडली. 2021-22 पासून ‘ऐंशी जी’च्या, म्हणजे आयकरात सवलत मिळणाऱ्या, देणगीदारांची यादी पॅन किंवा आधार क्रमांकासह दरवर्षी 31 मेपर्यंत कळवावी लागते. मुलीच्या लग्नात घाईने दिलेल्या पैशासाठी नंतर पॅन मागायला गेलेल्या खजिनदाराला काय ऐकावे लागते, याची कल्पना करता येईल. शिवाय आयकर खात्याकडची नोंदणी कायमची राहिली नाही. 2021 पासून ती पाच वर्षांची झाली, आणि वर्षाला पाच कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांना 2025 पासून दहा वर्षांची.

याला अग्निसुरक्षेची भर पडली. 2006 च्या कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. विजेचा दर वाचनालयाला सार्वजनिक सेवेचा, लग्नाच्या हॉलला व्यापारी. मीटर एकच असेल तर वाद ठरलेला.

हे सारे कोण करत होते? 2000-01 मध्ये बँकांतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली माणसे. पन्नाशीच्या पुढची, हातपाय धड असलेली, कीर्द-खतावणी पाठ असलेली आणि खिशात निवृत्तिवेतन असलेली अशी फळी सार्वजनिक संस्थांना एकदम मिळाली, आणि पुढची पंधरा वर्षे तिने हा डोलारा पेलला. या काळाबद्दल कुणी फारसे लिहिले नाही, पण 2001 ते 2015 या वर्षांत मंडळे टिकली ती यांच्यामुळे. आता ती मंडळी पंचाहत्तरीच्या पुढे गेली. त्यांच्या जागी येऊ शकणारा पन्नाशीतला माणूस अजून नोकरीत आहे, तीही बहुधा गावाबाहेर, आणि शनिवार-रविवारीच घरी येतो. लग्नेही शनिवार-रविवारीच असतात.

कोरोनाने उरलेसुरले उघडे केले. 2020 च्या उन्हाळ्यातल्या सगळ्या तारखा रद्द, अनामती परत. त्यानंतर पन्नास माणसांची लग्ने, आणि एप्रिल 2021 च्या आदेशानुसार पंचवीस माणसे, दोन तास. ज्या मंडळांनी लग्नाच्या भाड्यावर शिपाई, वीज आणि वर्तमानपत्रे चालवली होती त्यांना कायम ठेवी मोडाव्या लागल्या. ज्यांनी ऐंशीच्या दशकात लग्नाला नाही म्हटले होते, अशीही थोडी मंडळे आहेत. त्यांची छपरे अजून गळतात, पण मोडायला फारसे काही नव्हते म्हणून ती टाळेबंदीतून बिनबोभाट बाहेर आली. त्यांच्याकडे बुद्धिबळाचे आणि नाटकाच्या तालमीचे तरुण येतात. अशांपैकी काही ठिकाणी चाळिशीच्या आतला कार्यवाहही सापडतो.

सध्या गाजणारा ‘ठेकेदाराला द्या’ हा मार्ग याच इतिहासातून आला आहे. केटररला वर्षाची ठरावीक रक्कम ठरवून सभागृह सोपवायचे, वाट्या त्यानेच मोजायच्या. न्यासाची इमारत तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. म्हणून अकरा-अकरा महिन्यांचे करार होतात आणि दरवर्षी त्याच माणसाशी नव्याने होतात. ठेकेदार स्वयंपाकघरात भट्टी बांधतो, मागच्या मैदानात कायमचा मांडव घालतो आणि व्याख्यानमालेसाठी तारीख मागितली की सीझन आहे म्हणतो. अशा करारांवर तक्रारी दाखल होऊ लागल्या आहेत. त्यांत जाब विचारला जातो तो विश्वस्तांना, ठेकेदाराला नाही. विश्वस्त म्हणजे तीच कार्यकारिणी, जी सर्वानुमते पुढे चालू राहिली होती.