मिठाची बरणी आणि मदरबोर्ड

मृगाच्या सरी सुरू झाल्या की गोव्यातल्या स्वयंपाकघरात मीठ पाझरू लागते. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि त्यात विरघळते. आगरातल्या खड्यामिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, त्यामुळे ते त्याहून बरेच आधी ओले होते. संगणकातही हेच घडते. लाटा फुटताना उडणारे खारे तुषार वाऱ्यावर सुकतात, त्यांचे बारीक कण संगणकाच्या कॅबिनेटचा पंखा आत ओढतो आणि ते मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डवर, बसून राहतात. उन्हाळाभर त्यांचा उपद्रव जाणवत नाही. पावसाळ्यात मात्र त्यांचे खारे पाणी होते, आणि खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. बार्देश-सासष्टीच्या किनारपट्टीवर हा त्रास सर्वांत जास्त. वाळपई किंवा सांगे इतके आत गेल्यावर मिठाचा भाग कमी होतो, ओल मात्र तेवढीच राहते.

म्हणून आठ-दहा वर्षांच्या संगणकासाठी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) किंवा रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) घ्यायला निघण्याआधी त्याचा बोर्ड पाहून घ्यावा. प्लग काढा, मग पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे बोर्डवर उरलेला भार निघून जाईल. बाजूचा पत्रा उघडून टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहा. यूएसबी आणि लॅनच्या तोंडांवर थोडी हिरवट बुरशीसारखी पूड असेल तर ती तांब्याची गंज आहे. तेवढ्याने काम अडत नाही. पत्र्यावरची पांढरी पूड बहुधा जस्ताच्या मुलाम्याची असते, तिचीही काळजी नको. पण हिरवट किंवा काळपट डाग आयसीच्या, म्हणजे काळ्या चिपच्या, पायांमध्ये, प्रोसेसरच्या आजूबाजूला किंवा रॅमच्या स्लॉटच्या मुळाशी दिसले तर त्या बोर्डवर पैसे घालू नयेत. दोन जवळजवळच्या पायांमध्ये ओल आणि विद्युतदाब एकत्र आले की धातूचे आयन एका पायाकडून दुसऱ्याकडे सरकतात आणि झाडाच्या फांद्यांसारखे सूक्ष्म तंतू वाढतात. यातून होणारा बिघाड फसवा असतो. पावसाळी सकाळी संगणक सुरूच होत नाही आणि दुपारी ऊन पडल्यावर काही न करता सुरू होतो. अशा वेळी लोक रॅम बदलतात, वीज पुरवणारा डबा म्हणजे एसएमपीएस बदलतात, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच होते.

बोर्डवरचे उभे डबे, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, वरून सपाट असायला हवेत. डोके फुगलेले असेल किंवा बुडाशी तपकिरी खपली असेल तर तो गेला. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंश सेल्सिअसचा, कमी अंतर्गत रोधाचाच घ्यावा. या कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी उतरले की साधारण दुप्पट होते, त्यामुळे कॅबिनेट भिंतीला चिकटवून न ठेवणे हासुद्धा फुकटचा अपग्रेडच आहे.

सफाई ब्लोअरने करावी, पण पंख्याचे पाते बोटाने धरून. वाऱ्याने पंखा नको तेवढ्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तिने संगणक सुरू होतो हे खरे, पण तो सोन्याचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. चार-पाच वेळा जोर लावून घासले की खालचे निकेल आणि तांबे उघडे पडते, आणि मग गंज अधिक वेगाने चढतो. ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न पिंजणारे कापड वापरावे. हातावर लावायच्या सॅनिटायझरमध्ये पाणी असते, ते इथे चालत नाही. रॅम काढलीच आहे तर बोर्डवरचा सेलही बदलून टाका. तो सीआर२०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा. तो उतरला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझरला प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अवैध वाटू लागते. इंटरनेट बिघडले म्हणून तक्रार होते आणि दोष असतो एका छोट्या सेलचा.

बोर्ड ठीक निघाला तर पहिला खर्च एसएमपीएसवर करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कॅबिनेटसोबत स्वस्तात आलेला एसएमपीएस आठ वर्षांनंतर विश्वासाचा राहत नाही आणि मरताना तो बोर्डही घेऊन जाऊ शकतो. संगणक चालू असताना मल्टिमीटरने पिवळी आणि काळी तार मोजा: ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवे. लाल तारेवर ४.७५ ते ५.२५. आकडा या मर्यादेत नसेल तर निर्णय झालाच. मर्यादेत असला तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण त्या व्होल्टवरची बारीक थरथर साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर ४५० वॉट आणि कार्यक्षमतेचे ८० प्लस ब्राँझ मानांकन पुरे. एक खबरदारी: कार्यालयांतून आलेल्या काही नामांकित कंपन्यांच्या डेस्कटॉपमध्ये एसएमपीएसचा आकार आणि जोडणी वेगळी असते. त्यात २४ पिनांचा नेहमीचा प्लग बसत नाही, म्हणून जुना भाग सोबत घेऊनच दुकानात जावे.

यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी आपल्या उष्म्यात दोन-तीन वर्षांत थकते. ती मे महिन्यातच तपासून घ्यावी. गडगडाट सुरू झाल्यावर नुसता विजेचा प्लग काढून भागत नाही. तांब्याच्या लॅन वायरमधूनही विद्युतदाबाची लाट बोर्डपर्यंत पोचते, म्हणून तीही काढावी. फायबरच्या काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही, पण राउटरपासून संगणकापर्यंतची वायर तांब्याचीच असते.

वेग वाढवायचा तर एसएसडीसारखा दुसरा भाग नाही. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, शिवाय ते डोके धरणाऱ्या हाताच्या सरकण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या फायली ती सेकंदाला जेमतेम ७०-८० वेळा शोधू शकते. एसएसडीला तेच काम साधारण एक-दशांश मिलिसेकंदात जमते. त्यामुळे बोर्डवर डिस्कसाठीची साटा नावाची जुनी, सेकंदाला ३ गिगाबिटची जोडणी असली तरी साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्यायला संकोच करू नये. थेट बोर्डवर बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीच्या पट्टीचा मोह मात्र टाळावा. २०१४ च्या आधीच्या बहुतेक बोर्डांचे बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारे बोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर, त्या पट्टीवरून विंडोज सुरूच करू शकत नाही.

जुन्या डिस्कची क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, करण्याआधी डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे तुकडे) मोजणाऱ्या ओळी पाहा. सी५ शून्य नसेल तर काही सेक्टर वाचताना अडखळत आहेत. अशा डिस्कवर दुरुस्तीच्या आज्ञा किंवा डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली सलग लावणे) चालवू नका. आधी फोटो आणि कागदपत्रे उतरवून घ्या. बायोसमध्ये डिस्कचा मोड, म्हणजे तिच्याशी बोलायची पद्धत, जुनी आयडीई असेल तर तो नवा एएचसीआय करायचा असतो, पण थेट बदलला तर विंडोज निळ्या पडद्यावर अडते. आधी विंडोज १० ला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गोष्टींसह, उघडायला सांगा, मग बायोसमध्ये मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि नंतर सेफ मोड काढून टाका.

रॅम ८ जीबीपर्यंत न्यावी, त्याहून जास्त घरगुती वापराला क्वचितच लागते. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीची पट्टी बसणारच नाही. जोर करू नये. लॅपटॉपमध्ये मात्र डीडीआर३ची १.५ व्होल्टची आणि डीडीआर३एलची १.३५ व्होल्टची पट्टी दिसायला सारखीच असते. काही लॅपटॉपना फक्त डीडीआर३एलच चालते. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम तिला दिसतच नाही. नवी रॅम लावल्यावर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ या प्रोग्रॅमची किमान एक पूर्ण फेरी रात्रभर चालवा. एक चूक दाखवली तरी पट्टी परत करावी.

प्रोसेसर बदलणे क्वचितच परवडते. ग्राफिक्स कार्ड खेळांसाठी हवे असेल तरच.

एक सीमा मात्र कोणत्याही भागाने ओलांडता येत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. त्याआधीच्या यंत्रावर एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चालवावी. त्यात मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलकही आहे.

नवे भाग टिकवायचे तर पावसाळ्यात संगणक रोज तासभर चालू ठेवावा. बाहेरची २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा कॅबिनेटमध्ये ३५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि बोर्डवरच्या मिठाला ओल कमी धरते. एसीची खोली उलट वागते. २२ अंशांना थंड झालेल्या संगणकावर खिडकी उघडताच दव धरते, कारण बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांजवळ असतो. एसी बंद केल्यावर तासभर खिडकी उघडू नये. आणि चवथीला मूळ घर उघडते, तेव्हा महिनोन्‌महिने बंद असलेला संगणक लगेच लावू नये. बाजूचा पत्रा काढून टेबल फॅन समोर ठेवावा, आत साठ वॉटच्या जुन्या बल्बची ऊब चार-पाच तास हातभर अंतरावरून द्यावी, आणि मगच प्लग घालावा.