‘आउट ऑफ एन्व्हायर्नमेंट स्पेस’: जुन्या डॉसमधल्या दोन वेगळ्या मर्यादा
एमएस-डॉस या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या, आज्ञा टाइप करून चालणाऱ्या प्रणालीत एन्व्हायर्नमेंट आले ते 1983 मध्ये, 2.0 आवृत्तीबरोबर. कल्पना युनिक्स या दुसऱ्या प्रणालीची. नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य अशा ओळी मेमरीत एका जागी ठेवायच्या आणि सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला त्यांची प्रत द्यायची. आयबीएम एक्सटी तेव्हा 128 केबी मेमरीसह मिळत असे, म्हणून जागा राखली फक्त 160 बाइट. कॉमस्पेक (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता, सी:\कमांड.कॉम) आणि साधा प्रॉम्प्ट यांतच 35 बाइट जात. उरलेल्या सव्वाशे बाइटांत पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे त्या डिरेक्टऱ्यांची यादी), कंपायलरच्या फाइलींचे पत्ते देणारे इन्क्लूड आणि लिब, पुढे साउंड ब्लास्टर या ध्वनी कार्डाची तिसेक बाइटांची ओळ, हे सगळे मावणे शक्यच नव्हते. मग ‘आउट ऑफ एन्व्हायर्नमेंट स्पेस’, म्हणजे एन्व्हायर्नमेंटची जागा संपली, ही त्रुटी दिसे.

सुरुवातीला लोक डीबग हे फाइलीतले बाइट बदलण्याचे साधन वापरून कमांड.कॉममधला आकडाच बदलत. मग कॉन्फिग.सिस या संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीतली शेल ओळ हा सरळ मार्ग झाला:

शेल=सी:\डॉस\कमांड.कॉम सी:\डॉस\ /ई:1024 /पी

डॉस 3.0 आणि 3.1 मध्ये /ई चा, म्हणजे एन्व्हायर्नमेंटच्या जागेचा, आकडा 16 बाइटांच्या तुकड्यांत होता, 10 ते 62. म्हणजे जास्तीत जास्त 992 बाइट. 3.2 पासून तो थेट बाइटांत, 160 ते 32768. त्यामुळे जुनी /ई:62 ओळ नव्या डॉसवर निरुपयोगी ठरे. /पी विसरलात तर ऑटोएक्झेक.बॅट ही सुरुवातीला आपोआप चालणारी आज्ञांची फाइल चालतच नाही. डॉस 5 ने मूळ जागा 256 केली, पण तीही अपुरीच.

जागा वाढवूनही पाथ अर्धवटच राहतो, तेव्हा दोष दुसऱ्या मर्यादेचा असतो. डॉसमध्ये आज्ञेची ओळ 127 अक्षरांच्या पुढे जात नाही. प्रोग्रामपुढच्या 256 बाइटांच्या शीर्षभागात आज्ञेच्या उरलेल्या मजकुराला 128 बाइट असतात आणि त्यातला पहिला बाइट लांबी सांगतो. या मर्यादेवर /ई चा काडीचाही परिणाम होत नाही. इथे सब्स्ट ही आज्ञा कामी येते: खोल डिरेक्टरीला पी: हे ड्राइव्हचे अक्षर द्या, पाथमध्ये फक्त पी:\ लिहा. सब्स्टची ओळ पाथच्या आधी हवी आणि कॉन्फिग.सिसमध्ये लास्टड्राइव्ह (शेवटचे वापरता येणारे ड्राइव्हचे अक्षर) पुरेसा पुढचा हवा, कारण नुसता डॉस ई: वरच थांबतो. चेकडिस्क आणि फॉरमॅट अशा ड्राइव्हवर चालवू नका. डॉस 6 मध्ये कॉन्फिग.सिसमधूनच सेट (एन्व्हायर्नमेंटमध्ये मूल्य ठेवणारी आज्ञा) देता येऊ लागले, तिथे 127 ची अट नाही. मात्र असा लांब पाथ नंतर बॅच फाइलमधून वाढवू पाहिला की जुनी मर्यादा पुन्हा आडवी येते.

विंडोज 3.1 च्या डॉस खिडकीत 1024 राखूनही तीच त्रुटी दिसते. खिडकीत सुरू होणाऱ्या दुय्यम कमांड.कॉमला मूळ मजकुराएवढीच, जेमतेम मोठी प्रत मिळते. त्यासाठी विंडोजच्या सिस्टम.इनी या फाइलीच्या नॉनविंडोजॲप विभागात कमांडएन्व्हसाइझ=1024 लिहावे. विंडोज 95 मध्ये हेच काम डॉस प्रोग्रामच्या गुणधर्मांतल्या मेमरी पानावर होते.

विंडोज 2000 मध्ये आज्ञेची ओळ 2047 अक्षरांची होती, एक्सपीत 8191 झाली. तरी सेटएक्स ही मूल्य कायमचे साठवणारी आज्ञा आजही 1024 अक्षरांपुढचे कापून टाकते. लांब पाथ त्यातून बदलण्याआधी जुन्याची प्रत फाइलमध्ये ठेवावी.