दहा गुंठे लसूणघास आणि मे महिन्यातली विहीर

लसूणघासाचं ओलित ठरवताना एक आकडा पाठ असू द्या. दहा गुंठ्यांवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे जवळपास १,००० लिटर. बाकीचा हिशेब यातूनच निघतो.

दहाच गुंठे का? निगा चांगली असेल तर हा घास हेक्टरी वर्षाला ८० ते १०० टन हिरवा चारा देतो. दहा गुंठ्यांत दिवसाला सरासरी २२ ते २७ किलो पडतात. दोन दुभत्या जनावरांना कुटार-कडब्याच्या जोडीला रोज प्रत्येकी दहा-बारा किलो एवढाच द्यायचा असतो; त्याहून जास्त, तोही ओला खाल्ला तर पोट फुगतं. विदर्भातल्या बहुतेक गोठ्यांचं गणित या दहा-वीस गुंठ्यांतच बसतं. अडतं ते मे महिन्यात, विहीर तळाला गेल्यावर.

नाव लसणाचं असलं तरी या पिकाचं लसणाशी काही नातं नाही. हे मेथीच्या जवळचं, शेंगवर्गातलं पीक आहे. मूळ खोल जातं आणि कापणीनंतर जमिनीलगतच्या खोडक्यातून नवे फुटवे येतात. एकदा पेरलं की तीन वर्षं चालतं. पण पाण्याच्या बाबतीत ते उधारी ठेवत नाही. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून बाष्प बाहेर जातं त्याच वाटेनं कार्बन डायऑक्साइड आत येतो. पाण्याचा ताण पडला की छिद्रं मिटतात आणि चारा तयार होणंही थांबतं. म्हणून पिकानं प्यायलेलं पाणी आणि मिळणारा चारा जवळजवळ सरळ प्रमाणात असतात. निम्म्या पाण्यात पूर्ण चारा देणारी ओलिताची पद्धत अस्तित्वात नाही. चांगली पद्धत एवढंच करते, की पिकाच्या तोंडात न जाणारं पाणी वाचवते.

आता पीक पितं किती? डिसेंबरात विदर्भातली हवा दिवसाला ३ ते ४ मिलिमीटर पाणी ओढते, मे महिन्यात उन्हाच्या झळांसोबत ८ ते ९. कापणी झाल्याबरोबर वावर उघडं पडतं, तेव्हा पिकाची गरज या ओढीच्या ०.४ पट असते. पुढच्या कापणीआधी दाट वाढ झाली की १.१५ ते १.२ पट. सरासरी धरायची ०.९५. मे महिन्यात ९ गुणिले ०.९५ म्हणजे साधारण ८.५ मिलिमीटर, अर्थात दहा गुंठ्यांना रोज ८,५०० लिटर. हे झालं मुळांनी प्यायचं पाणी. मोकाट पाण्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर विहिरीतून १४,००० लिटर उपसावे लागतात, तुषारची ७५ टक्के धरली तर ११,३००, ठिबकची ९० टक्के धरली तर ९,४००.

समोर विहिरीचा आकडा मांडा. दोनशे लिटरचा ड्रम भरायला ४० सेकंद लागले तर पंप सेकंदाला ५ लिटर देतो. एप्रिलअखेर विहीर उपसून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पंप हवा ओढेपर्यंत किती मिनिटं चालतो ते घड्याळावर बघा. ३५ मिनिटं चालला तर हाती रोजचं १०,५०० लिटर. ठिबकवर दहा गुंठे निघतात, मोकाट पाण्यावर साडेसात. पाणी कमी पडत असेल तर सगळ्या घासाला अर्धपोटी ठेवण्यापेक्षा क्षेत्र कमी धरावं. अर्धपोटी घास विरळ होतो, विरळ जागेत तण घुसतं आणि पावसाळ्यानंतरही ती जागा भरून येत नाही.

पद्धतीचा निम्मा निर्णय मात्र जमीन आधीच करून बसलेली असते. काळ्या जमिनीतली चिकणमाती सुकली की आकसते आणि वावराला भेगा पडतात. पहिलं पाणी भेगांतून भसाभस खाली जातं. माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन तासाला काही मिलिमीटरच पाणी पिते. भेग बोटभर रुंद होईपर्यंत थांबलात तर पाण्याचा मोठा वाटा मुळांच्या खाली जातो आणि बारीक मुळंही तुटतात. उलट साठवण मोठी असते. दोन फूट खोलीत पिकाच्या कामाचं सुमारे १०० मिलिमीटर पाणी मावतं. त्यातलं निम्मं संपलं की पाण्याची पाळी द्यायची, म्हणजे हिवाळ्यात १२ ते १५ दिवसांनी, मे महिन्यात सहा दिवसांनी. बरड, मुरमाड वावरात फूटभर मातीत २५-३० मिलिमीटरच मावतं, म्हणून मे महिन्यात दीड-दोन दिवसाला १२-१५ मिलिमीटर द्यावं लागतं. एवढं पातळ पाणी दांडानं, म्हणजे मातीच्या पाटानं, सारखं पसरवता येत नाही. बरडावर मोकाट पाण्याचा विचारच सोडून द्या.

काळ्या जमिनीत, विहिरीला मेपर्यंत पाणी असेल, तर नीट केलेले सारे, म्हणजे बांध घालून पाडलेले लांब पट्टे, वाईट नाहीत. हे सांगायला हवं, कारण ठिबक विकणारा ते सांगणार नाही. सारा अडीच मीटर रुंद आणि ४० मीटर लांब घ्या, म्हणजे जवळपास एक गुंठा. लांबीला उतार ४ ते ८ सेंटिमीटर, रुंदीला अजिबात नाही. सेकंदाला ५ लिटरच्या धारेनं ५० मिलिमीटर पाणी १७ मिनिटांत बसतं, दहा सारे पावणेतीन तासांत. चूक होते ती पाणी फोडताना. पाणी शेवटाला टेकेपर्यंत धार चालू ठेवली की खालच्या टोकाला तळं साचतं. काळ्या जमिनीत पाणी साऱ्याच्या ६० टक्के लांबीपर्यंत पोचलं की पुढचा सारा फोडा. उरलेलं अंतर साऱ्यातलं पाणीच पार करतं. बरड जमिनीत असं केलं तर शेवट कोरडा राहतो.

साचलेलं पाणी आणि ऊन एकत्र आलं तर लसूणघास मरतो. पाण्यानं गच्च मातीत मुळांना हवा मिळत नाही, आणि चाळिशीच्या वर गेलेल्या उन्हात ते पाणी तापलं की खोडकी अक्षरशः शिजतात. नुकत्या कापलेल्या घासाला तर श्वास घ्यायला पानंही नसतात. म्हणून उन्हाळ्यात साऱ्याचं पाणी रात्री किंवा पहाटे, आणि कापणीनंतर लगेच नाही. तीन-चार दिवसांनी फुटवे दिसले की. कापणीच्या पाच-सहा दिवस आधी एक पाळी झाली असेल तर ही वाट पाहणं पिकाला जड जात नाही, विळा चालवताना पायाखाली चिखलही नसतो. मोकाट पाण्याची आणखी एक खोड म्हणजे पिकावरच जगणाऱ्या अमरवेलीचं बी एका साऱ्यातून दुसऱ्या साऱ्यात वाहून नेणं. पिवळ्या दोऱ्यांचा ठिपका दिसला की फुलण्याआधी घासासकट कापून जाळा.

तुषार म्हटलं की हरभऱ्याला लावतो तोच पाइपांचा संच डोळ्यांपुढे येतो. बारा बाय बारा मीटरवर एक नोझल, अडीच किलो दाब, सेकंदाला अर्धा लिटर. याचा पाऊस तासाला १२ मिलिमीटर पडतो. काळी जमीन एवढ्या वेगानं पीत नाही. तासा-दीड तासानं पाणी वाहायला लागतं. शिवाय दहा गुंठ्यांचा तुकडा जेमतेम ३२ बाय ३२ मीटरचा, तर काठावरच्या नोझलचं निम्मं पाणी धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याच्या पऱ्हाटीला. लहान तुकड्याला मिनी स्प्रिंकलर बरा: तासाला ५०० लिटरचं नोझल, नऊ बाय नऊ मीटरवर, म्हणजे तासाला सुमारे ६ मिलिमीटर. खरं किती पडतं ते सारख्या तोंडाचे आठ-दहा रिकामे डबे वावरभर ठेवून तासानं मोजा. सर्वांत कमी भरलेल्या डब्यात सरासरीच्या निम्म्याहून कमी पाणी असेल तर दाब कमी आहे किंवा नोझल झिजलं आहे. दुपारच्या वाऱ्यात तुषार चालवू नका. हिवाळ्यात सकाळी चालवा, म्हणजे पानं वाळतात आणि बुरशी बसत नाही. सौरपंपावर सकाळी कोवळ्या उन्हात दाब येत नाही, नोझल जागच्या जागी पाणी ओकतं; तिथे ठिबकच सोयीचं.

ठिबकसाठी ओळींत पेरणी हवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकरी दहा किलो बियाणं, ३० सेंटिमीटरच्या ओळी, तीन ओळींना एक नळी. नळ्यांत ९० सेंटिमीटर अंतर, १६ मिलिमीटरची इनलाइन नळी, दर ४० सेंटिमीटरला तासाला २ लिटरचं ड्रिपर. दहा गुंठ्यांना सुमारे १,१२५ मीटर नळी, २,८०० ड्रिपर आणि तासाला ५,६०० लिटर पाणी. मे महिन्याचे ९,४०० लिटर एक तास चाळीस मिनिटांत जातात, डिसेंबरचे पाऊण तासाच्या आत. ही मागणी सेकंदाला दीड लिटरची आणि पंप ५ लिटरचा, म्हणून जादा पाणी परत वळवणारा बायपास व्हॉल्व्ह नसेल तर जोड सुटतात. कापणीनंतरच्या आठवड्यात हाच वेळ निम्म्यावर आणा. रोज वेळ बदलता येणं हा ठिबकचा खरा फायदा आहे, आणि बहुतेक जण तो वापरत नाहीत.

एक अडचण मात्र आहे. लसूणघास वर्षातून दहा-बारा वेळा विळ्यानं कापला जातो, आणि दर कापणीला दोन-चार नळ्या कापल्या जातात. जोडणी आणि पंच खिशातच ठेवा. दुसरा मार्ग म्हणजे कापणीआधी नळ्या ओढून धुऱ्यावर घेणं. ४० मीटरपेक्षा लांब नळी एकट्यानं ओढवत नाही. नळी २० सेंटिमीटर खोल पुरली तर विळा लागत नाही, पण उंदीर कुरतडतात, मुळं ड्रिपरमध्ये शिरतात, रानडुकरं उकरतात आणि काळ्या जमिनीच्या भेगा नळीला ओढतात. वरून ओल न मिळाल्यानं उगवणीसाठी पहिली पाणी तरी तुषारनं द्यावीच लागतात. दहा-वीस गुंठ्यांसाठी नळी पुरणं आम्ही सुचवत नाही. शेततळ्याच्या पाण्याला वाळूचा फिल्टर आणि त्यामागे डिस्क फिल्टर, विहिरीच्या पाण्याला नुसता डिस्क पुरतो. नळ्यांची टोकं पंधरवड्याला उघडून गढूळ पाणी सोडून द्यायचं.

अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात मात्र आधी पाणी तपासा. मातीतल्या क्षारांची वाहकता, म्हणजे खारेपणाचं माप, मीटरला २ डेसिसायमनच्या वर गेली की लसूणघासाचं उत्पन्न दर एककामागे ७ टक्क्यांनी घसरतं. खारं पाणी तुषारनं दिलं तर पानांवर क्षार वाळून कडा करपतात. सोडियमचं पाणी वर्षानुवर्षं दिलं तर माती चोपण होऊन पाणी पिणंच सोडते. तिथे शेततळ्याचं पाणी घासाला आणि विहिरीचं कपाशीला, अशी विभागणी करावी.

पाळी आली की नाही हे पान सुकल्यावर कळणं उशिराचं. फूटभर खोलीची मूठभर माती काढून दाबा. काळ्या मातीचा गोळा झाला आणि अंगठ्यानं त्याची पट्टी निघाली तर थांबा. गोळा होतो पण पट्टी तुटते, तेव्हा पाणी सोडा. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी करंगळीएवढी सळई रेटून बघा. ती सहज दोन फूट गेली तर पाणी पुरलं, सहा इंचांत अडली तर पाणी वरचेवरच राहिलं.

जूनमध्ये पाऊस लागला की ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवा आणि प्रत्येक साऱ्याचं खालचं टोक फोडून पाण्याला नालीची वाट द्या. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या बांधीत हा घास लावू नये. तिकडे उंचवट्याची, निचऱ्याची जागाच शोधावी लागते.