अनियमित ठोके आणि रक्तातील खुणा : जोखीम मोजण्याच्या प्रयत्नांची पार्श्वभूमी

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांचे, म्हणजे अलिंदांचे, लयबद्ध आकुंचन थांबून त्यांची नुसती थरथर सुरू होते, तेव्हा त्या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. ठोके दीर्घकाळ अनियमित राहण्याच्या विकारांत तो सर्वाधिक आढळतो. त्यातली खरी भीती नाडी अडखळण्याची नाही. थरथरणाऱ्या अलिंदात, विशेषतः डाव्या अलिंदाला असलेल्या लहानशा पिशवीत, रक्त साकळते, त्याची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूच्या धमनीत अडकली की पक्षाघात होतो. गुठळी होऊ न देणारी औषधे उपलब्ध आहेत, परंतु त्यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते. त्यामुळे ही औषधे नेमकी कोणाला द्यावीत, हा प्रश्न गेली चार दशके हृदयरोगतज्ज्ञांपुढे आहे आणि रक्ततपासणीतून त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न हा त्यातला अलीकडचा टप्पा आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावातील रहिवाशांचा १९४८ पासून सुरू असलेला अभ्यास येथे पायाभूत ठरला. एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या पाचपटीहून अधिक असतो आणि रुमॅटिक तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या रुग्णांत तो सुमारे सतरापट होतो, असे या अभ्यासातून १९७८ मध्ये पुढे आले. नंतर १९८९ ते १९९२ या काळात वॉरफॅरिन या गुठळीरोधक औषधाच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकापाठोपाठ एक प्रसिद्ध झाले. बाजारात प्रथम उंदीर मारण्यासाठी आलेले हे द्रव्य पक्षाघाताचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटवते, असे त्यांतून दिसले. औषध परिणामकारक होते, पण त्याची मात्रा सांभाळणे जिकिरीचे होते. वारंवार रक्त तपासावे लागे, आहारातील पालेभाज्या आणि इतर औषधे यांचा परिणाम होई, आणि थोडे चुकले तर मेंदूतच रक्तस्राव होण्याचा संभव असे. म्हणून धोका कमी असलेल्या रुग्णांना वगळणे आवश्यक झाले.

त्या गरजेतून गुणांकाच्या पद्धती आल्या. ब्रायन गेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या ‘चॅड्स-टू’ गुणांकात हृदय निकामी होणे, उच्च रक्तदाब, पंच्याहत्तरी आणि मधुमेह यांना प्रत्येकी एक आणि पूर्वीच्या पक्षाघाताला दोन गुण होते. कागद-पेन्सिलही न घेता रुग्णाच्या खाटेशेजारी उभ्या उभ्या करता येईल, असा हा हिशेब होता आणि त्याच्या यशाचे रहस्य बहुधा तेच आहे. बर्मिंगहॅमचे ग्रेगरी लिप आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याचा विस्तार केला. त्यात पासष्ट ते चौऱ्याहत्तर हा वयोगट, रक्तवाहिन्यांचे विकार आणि स्त्री असणे यांची भर पडली व पंच्याहत्तरीचे गुण दोन झाले. त्याच वर्षी रक्तस्रावासाठी ‘हॅसब्लेड’ हा गुणांक आला. त्यात मूत्रपिंड आणि यकृत यांच्या कार्याला व वॉरफॅरिनच्या अस्थिर पातळीला गुण होते. म्हणजे रक्ताचा अहवाल या हिशेबात आधीच शिरला होता, फक्त मागच्या दाराने.

या गुणांकांचा दोष थोडक्यात दाखवता येतो. पासष्ट वर्षांचा आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा असे दोन पुरुष रुग्ण घेतले आणि दोघांनाही केवळ उच्च रक्तदाब आहे असे मानले, तर विस्तारित गुणांकात दोघांनाही सारखेच दोन गुण मिळतात. त्यांतल्या दुसऱ्याला पंच्याहत्तरावे लागले की एका रात्रीत तीन होतात. रक्तदाब किती वर्षे आहे, तो आटोक्यात आहे का, हृदयाच्या स्नायूवर त्याचा किती ताण पडला आहे, यांतले काहीही त्या गुणांत उतरत नाही. असा अंदाज किती अचूक आहे हे ज्या निर्देशांकाने मोजतात, त्यात ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे बिनचूक भाकीत. विस्तारित गुणांक बहुतेक अभ्यासांत ०.६ च्या आसपास राहिला. जगभरच्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार असलेल्या मोजमापासाठी हा आकडा तोकडाच म्हणावा लागेल.

दरम्यान, रक्तातील ज्या खुणा पुढे उपयोगी पडल्या त्यांचा शोध पूर्णपणे वेगळ्या वाटांनी लागत होता. कॅनडातील किंग्स्टन येथे अडोल्फो डी बोल्ड यांनी १९८१ मध्ये उंदरांच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला, तेव्हा त्यांच्या लघवीचे आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या सोडियमचे प्रमाण झपाट्याने वाढले. रक्त ढकलणारा पंप एवढीच ज्याची ओळख होती, ते हृदय संप्रेरकही तयार करते, हे त्यातून सिद्ध झाले. जपानी संशोधकांना १९८८ मध्ये डुकराच्या मेंदूत याच कुळातले आणखी एक संप्रेरक सापडले. ते मुख्यतः हृदयाच्या निलयांतून, म्हणजे खालच्या कप्प्यांतून, स्रवते हे नंतर कळले, तरी नावातला मेंदू तसाच राहिला. त्याच्या पूर्वरूपाचा एक तुकडा, एनटी-प्रोबीएनपी, आज हृदयावरील ताण मोजण्यासाठी प्रयोगशाळांत नेहमी तपासला जातो. ट्रोपोनिन हे स्नायूतील प्रथिन जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात ओळखले आणि जर्मनीतील ह्यूगो काटुस यांच्या गटाने १९८९ मध्ये रक्तातील ट्रोपोनिन-टी मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हृदयविकाराच्या झटक्याचे निदान त्यामुळे पालटले. चाचण्या अधिक संवेदनशील होत गेल्या तसे झटका न आलेल्या अनेकांच्या रक्तातही ट्रोपोनिनचा अंश असतो असे आढळू लागले, आणि त्या अंशाचा अर्थ काय, हा नवा प्रश्न उभा राहिला.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये रक्तच गुठळी धरण्याकडे झुकलेले असते का, याचा विचार १९९० च्या दशकात सुरू होता. डी-डायमर आणि व्हॉन विलेब्रँड घटक या रक्त गोठण्याशी निगडित खुणांवर तेव्हा बरेच काम झाले, पण रोजच्या व्यवहारात त्यांतले फारसे उतरले नाही. खरी गती आली ती नव्या गुठळीरोधक औषधांच्या मोठ्या चाचण्यांमुळे. डॅबिगॅट्रानच्या ‘री-लाय’ चाचणीत १८,११३ आणि अपिक्साबानच्या ‘अ‍ॅरिस्टॉटल’ चाचणीत १८,२०१ रुग्ण होते. त्यांतील हजारो रुग्णांच्या रक्ताचे नमुने सुरुवातीलाच घेऊन गोठवून ठेवलेले होते. स्वीडनमधील उप्साला येथील लार्स वॉलेंटिन, योनास ओल्डग्रेन, झियाद हिजाझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले. ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी यांची पातळी जितकी जास्त, तितका पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका अधिक, आणि हा संबंध गुणांकातील इतर घटक जमेस धरूनही टिकतो, असे त्यांना २०१२ पासूनच्या विश्लेषणांत दिसले.

त्यातून २०१६ मध्ये ‘एबीसी’ (वय, रक्तातील खुणा आणि पूर्वेतिहास यांची इंग्रजी आद्याक्षरे) गुणांक आले. पक्षाघातासाठीच्या गुणांकात वय, पूर्वीचा पक्षाघात, ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी एवढ्या चारच गोष्टी होत्या. रक्तदाब आणि मधुमेह बाहेर गेले, कारण त्यांनी हृदयाचे जे नुकसान करायचे ते रक्तातील आकड्यांत आधीच उमटलेले असते, असा त्यामागचा तर्क होता. वयालाही पायऱ्या नव्हत्या. प्रत्येक वर्षाचा भार वेगळा धरला होता. अचूकतेचा निर्देशांक ०.६२ वरून ०.६८ वर गेला. रक्तस्रावासाठीच्या गुणांकात हिमोग्लोबिन, ट्रोपोनिन आणि जीडीएफ-१५ हे प्रथिन घेतले होते. युरोपीय हृदयरोग संस्थेच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा खुणांचा विचार करता येईल, असे सावधपणे नमूद झाले.

अडचण मात्र या खुणांच्या स्वभावातच आहे. ट्रोपोनिन वाढलेल्या रुग्णाला पक्षाघाताचा धोका जास्त असतो, रक्तस्रावाचाही जास्त असतो आणि मृत्यूचाही. जीडीएफ-१५ तर कर्करोगात, गरोदरपणात आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही वाढते. म्हणजे या चाचण्या शरीर किती थकले आहे ते उत्तम सांगतात, पण गुठळी होणार की रक्त वाहणार हे वेगळे करून सांगत नाहीत, आणि डॉक्टरला औषध ठरवताना नेमका तोच फरक हवा असतो. एनटी-प्रोबीएनपीची आणखी एक तऱ्हा अशी की ते फिब्रिलेशन चालू असतानाच वाढते आणि लय पूर्ववत झाली की उतरते, त्यामुळे नमुना कोणत्या दिवशी घेतला यावर आकडा अवलंबून राहतो. स्पेनमधील मुर्सिया येथे वॉरफॅरिनसारखीच औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यातही नव्या गुणांकाचा व्यवहारात म्हणावा तसा फायदा दिसला नाही.

भारतीय वाचकाने आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. रुमॅटिक तापाने मायट्रल झडप, म्हणजे डावे अलिंद आणि निलय यांमधली झडप, लक्षणीय आक्रसलेल्या रुग्णांना या मोठ्या चाचण्यांतून वगळलेले होते. आपल्याकडे असे रुग्ण, त्यांत तुलनेने तरुण स्त्रिया, आजही मोठ्या संख्येने आढळतात. त्यांच्याबाबत गुण मोजत बसायचे नसते; धोका इतका मोठा असतो की गुठळीरोधक औषध द्यायचेच असते. भारतासह अनेक देशांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत तर या रुग्णांसाठी नव्या रिव्हारोक्साबानपेक्षा वॉरफॅरिनसारखी जुन्या पद्धतीची औषधेच सरस ठरली.

भाकीत सुधारले म्हणून रुग्णाचे भले होते का, हे पाहण्यासाठी स्वीडनमध्येच सुमारे चार हजार रुग्णांवर चाचणी घेण्यात आली. अर्ध्यांच्या डॉक्टरांना एबीसी गुणांकावर बेतलेला सल्ला मिळाला, उरलेल्यांवर नेहमीप्रमाणे उपचार झाले. ही चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली, आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत पक्षाघात व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण या सल्ल्याने कमी झालेले दिसले नाही. बहुसंख्य रुग्ण दोन्ही गटांत आधीपासून गुठळीरोधक औषधे घेत होते, हे त्यामागचे एक उघड कारण दिसते. नवी औषधे मेंदूतील रक्तस्रावाच्या दृष्टीने वॉरफॅरिनपेक्षा बरीच सुरक्षित असल्याने ती देण्याचा उंबरठाच खाली आला आहे, आणि कोणाला वगळावे या ज्या प्रश्नातून ही सारी मोजमापे जन्मली, तो प्रश्न पूर्वीइतका टोकदार राहिलेला नाही. युरोपीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पक्षाघातासाठी जुनाच गुणांक, स्त्री असण्याचा गुण काढून, कायम ठेवला आणि केवळ रक्तस्रावाच्या गुणांकावर विसंबून औषध सुरू वा बंद करू नये, असे स्पष्ट बजावले.