हिरडीतील पेशींची संरक्षणव्यवस्था

दाताभोवती साचणाऱ्या जिवाणूंना थोपवून परिदंत ऊतींचा, म्हणजे हिरडी, दाताला हाडाशी बांधणारे तंतू आणि खालचे हाड यांचा दाह आटोक्यात ठेवणे, हे हिरडीतील पेशींचे एक प्रमुख कार्य आहे. त्वचेचा व तोंडाच्या अस्तराचा वरचा थर सतत झडत असल्याने तेथे जिवाणूंना फार काळ ठाण मांडता येत नाही. दात मात्र शरीराचे आवरण भेदून बाहेर आलेला, पृष्ठभाग न झडणारा भाग असल्याने त्यावर जंतुथर दिवसेंदिवस टिकून राहतो. साहजिकच संरक्षणाचा सगळा भार दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर पडतो.

हिरडीची बाहेरची बाजू केराटिन या कठीण प्रथिनाने युक्त, चिवट अभिस्तराने (पेशींच्या आवरण-थराने) झाकलेली असते. दाताला चिकटलेला संधी-अभिस्तर याच्या अगदी उलट असतो. तो वरच्या टोकाला सुमारे १५ ते ३० पेशींइतका जाड, तर मुळाकडे एक ते तीन पेशींपुरताच उरतो. त्याच्या पेशी अर्ध-डेस्मोसोम या सूक्ष्म रचनांनी एनॅमलला धरून असतात, पण एकमेकींमध्ये बरीच मोकळी जागा ठेवतात. ही ढिलाई प्रथमदर्शनी दोष वाटते, पण संरक्षण बरेचसे तिच्यावरच अवलंबून आहे. या फटींतूनच रक्तद्रव झिरपून दात व हिरडी यांमधल्या खाचेत येतो आणि सोबत प्रतिपिंडे व त्यांना साहाय्य करणारी पूरक प्रथिने आणतो. याच वाटेने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बाहेर पडतात; निरोगी तोंडातही मिनिटाला सुमारे ३०,००० पांढऱ्या पेशी अशा येत असल्याचा अंदाज १९७० च्या सुमारास मांडला गेला. पेशींची झपाट्याने होणारी झडही उपयोगी पडते, कारण झडणाऱ्या पेशीबरोबर तिला चिकटलेले जिवाणूही निघून जातात.

अभिस्तर पेशी केवळ भिंत म्हणून उभ्या नसतात. टोल-सदृश ग्राही या पेशींवरील ओळख-प्रथिनांच्या साहाय्याने त्या जिवाणूंचे रेणू ओळखतात आणि इंटरल्युकिन-८ हे संदेशवाहक प्रथिन स्रवून न्यूट्रोफिलांना दिशा दाखवतात. बीटा-डिफेन्सिन-१ हे जंतुनाशक पेप्टाइड (लहान प्रथिन) त्या एरवीही बनवतात, तर बीटा-डिफेन्सिन-२ प्रामुख्याने जिवाणूंशी संपर्क आल्यावर. पोर्फायरोमोनस जिंजिव्हॅलिस हा परिदंत विकाराशी निगडित जिवाणू नेमका या संदेशावर घाला घालतो : तो इंटरल्युकिन-८ ची निर्मिती दडपतो आणि जिंजिपेन ही त्याची विकरे (एन्झाइम) यजमानाची प्रथिने तोडतात.

अभिस्तराखालच्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेन हे ऊतींना बळकटी देणारे तंतुमय प्रथिन तयार करतात, जुने मोडून नवे घालतात आणि दाहाचे संदेशही पाठवतात. दाह लांबला की याच पेशींकडून कोलॅजेन तोडणारी विकरे व प्रोस्टाग्लँडिन-ई२ हे दाह वाढवणारे द्रव्य अधिक प्रमाणात स्रवतात, म्हणजे डागडुजी करणारेच मोडतोडीला हातभार लावतात. निकोटिनमुळे फायब्रोब्लास्टची वाढ व चिकटण्याची क्षमता घटते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. हिरड्या बळकट होतील या समजुतीने महाराष्ट्रात लावली जाणारी मिश्री ही भाजलेली तंबाखूच असते, हे येथे नोंदवायला हवे.

संरक्षणाला चालना केवळ जिवाणूच देतात असे नाही. उंदरांवरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, चावताना हिरडीला होणाऱ्या किरकोळ इजेमुळे अभिस्तर पेशी इंटरल्युकिन-६ स्रवतात आणि त्यातून इंटरल्युकिन-१७ बनवणाऱ्या टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) हिरडीत जमतात. या पेशी जिवाणूंविरुद्धचा अडथळा टिकवून ठेवतात, मात्र त्यांचा अतिरेक हाडाच्या झिजेला कारण ठरतो.

ल्युकोसाइट आसंजन न्यूनता या दुर्मीळ आनुवंशिक विकारात न्यूट्रोफिल रक्तातून ऊतींत उतरू शकत नाहीत आणि लहान वयातच दात ढिले होऊन पडतात. ही हानी मोकाट वाढलेल्या जिवाणूंमुळे होते असा पूर्वी समज होता. प्रत्यक्षात न्यूट्रोफिल न पोहोचल्याने इंटरल्युकिन-२३ व १७ यांच्या प्रतिसादाला आवर राहत नाही, असे पुढे दिसून आले. इंटरल्युकिन-१२ व २३ यांना रोखणारे उस्टेकिनुमॅब हे औषध अशा एका रुग्णाला दिल्यावर त्याच्या हिरड्यांचा दाह ओसरला.